रिटायर्ड ग्रेहाउंड फोस्टर करणं: मेलबर्नच्या एका मराठी घराचा रिव्ह्यू

ग्रेहाउंड म्हणजे शर्यतीत पळवतात ते कुत्रे, आणि फोस्टर म्हणजे त्यातल्या निवृत्त झालेल्या एकाला कायमचं घर मिळेपर्यंत आपल्या घरी सांभाळणं. आधी रेटिंग देऊन टाकते, ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी. फोस्टर सर्व्हिसला ५ पैकी ४, सोबत मिळालेल्या सामानाला साडेतीन, कुत्रीला ५ पैकी ५, आणि आमच्या बेज कलरच्या कार्पेटला आता रेटिंग देण्यात काही अर्थ उरलेला नाही.

संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली दोन-तीन तक्रारी आहेत आणि तिथे सगळे बिनपगारी व्हॉलंटियर आहेत, उगाच कुणाला त्रास नको. तसंही व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, हे काम करणारे बरेच आहेत, खुद्द रेसिंगवाल्यांचा ग्रेहाउंड अडॉप्शन प्रोग्रॅम, ज्याला सगळे गॅप म्हणतात, तो १९९६ पासून चालू आहे, शिवाय लोकांनी स्वतःच्या खिशातून चालवलेल्या छोट्या रेस्क्यू आहेत. पद्धत साधारण सगळीकडे सारखीच. ट्रॅकवरून निघालेला कुत्रा, वय साधारण दोन ते पाच, थेट दत्तक द्यायच्या आधी काही आठवडे कुणाच्यातरी घरी ठेवतात म्हणजे त्याला घर म्हणजे काय ते कळेल आणि तो मांजर, लहान मुलं, पाहुणे ह्यांच्याशी कसा वागतो ते संस्थेला कळेल. खाणं, पट्टा, मझल (तोंडावर बांधायची जाळी), कोट, अंथरूण आणि डॉक्टरचा सगळा खर्च त्यांचा, जागा आणि वेळ तुमचा. म्हणजे पैशाच्या हिशेबाने फुकटच आहे, झोपेच्या हिशेबाने पहिला आठवडा अजिबात फुकट नाही.

आमच्याकडे जी आली तिचं केनेलमधलं, म्हणजे शर्यतीचे कुत्रे एकत्र ठेवतात तिथलं, नाव मोली. रेसिंगच्या कागदावर अजून एक लांबलचक नाव होतं पण त्या नावाने तिला कुणी कधी हाक मारली असेल असं वाटत नाही. आई तेव्हा सांगलीहून आली होती, तिने दारातच बघितलं आणि म्हणाली, "अगं हे तर कारवानी कुत्रं, आपल्याकडं मेंढरांवाल्यांकडं असतंय तसलं," आणि पुढच्याच वाक्यात "ह्येला खायला घालत नाहीत का गं कोण?" दोन्ही गोष्टी बरोबरच म्हणा. कारवान आणि ग्रेहाउंड दोघंही नजरेने शिकार हेरून पळणारे, तीच खोल छाती, तीच आत गेलेली कंबर. आणि शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ह्यांच्यात नॉर्मल आहे, नाही दिसल्या तर उलट कुत्रा जाड झाला असं डॉक्टर म्हणतात. मांडीच्या मागच्या बाजूला केस जवळजवळ नव्हतेच, तेही केनेलमधून आलेल्या ग्रेहाउंडमध्ये खूप दिसतं, बऱ्याच वेळा घरी आल्यावर हळूहळू येतात. कानाच्या आत हिरव्या शाईत गोंदलेली अक्षरं. ते बघून आई जरा गप्प झाली, मग म्हणाली आजपासून हिचं नाव ठमी. सत्तावीस किलोच्या, लांब पायांच्या, बारीक कमरेच्या कुत्रीला ठमी. पण ती दोन दिवसांत ओ द्यायला लागली.

आता मेन मुद्दा. संस्थेच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की हे कुत्रे आळशी असतात, दिवसभर सोफ्यावर झोपतात, वीस-तीस मिनिटं चालवलं की पुरे. हे सगळं खरं आहे, पण हे तिसऱ्या आठवड्यानंतरचं खरं आहे. पहिले दिवस तुमच्याकडे एक मोठं, समजूतदार जनावर असतं ज्याला घरातली एकही वस्तू माहीत नाही. हा कुत्रा जन्मापासून केनेलमध्ये इतर कुत्र्यांसोबत राहिलाय, व्हॅनमधून ट्रॅकवर गेलाय, अर्ध्या मिनिटात ५१५ मीटर पळून परत आलाय, एवढंच. जिना माहीत नाही. काच माहीत नाही, आमच्या मागच्या स्लायडिंग दारावर मी नाकाच्या उंचीला रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावले तेव्हा कुठे तिला समजलं की इथे काहीतरी आहे. ओव्हनच्या दारात स्वतःचंच तोंड दिसलं तर त्या कुत्र्याकडे बघून शेपूट हलवत उभी. टाइल्सवर चारही पाय चार दिशांना, म्हणून हॉलपासून किचनपर्यंत योगा मॅट अंथरल्या, घर म्हणजे क्लासरूम दिसत होतं. आणि कुकर! पहिल्या शिट्टीला ती जी थिजली ती डाळ शिजून कुकर थंड होईपर्यंत भिंतीला लागून उभी. मी मग बाहेर अंगणात तिला घेऊन उभी राहायचे आणि आई आत शिट्ट्या मोजायची, रोज थोडं थोडं जवळ, शिट्टी झाली की चिकनचा तुकडा. शेवटी शेवटी शिट्टी झाली की ती स्वतःच किचनमध्ये यायला लागली, माझा तुकडा कुठाय म्हणून.

जिन्याचं सांगते कारण हे कुणी नीट सांगत नाही. ओढायचं नाही. ट्रीट दाखवून वर बोलवायचं पण नाही, कारण मग ती तीन पायऱ्या एकदम उडी मारते आणि मध्येच अडकते. नवरा मागे बसायचा, छातीखाली हात, मी पुढचा एक पाय उचलून पायरीवर ठेवायचे, मग दुसरा, मग मागचा. तिचं अंग इतकं ताठ की पाय उचलताना स्नायू दोरीसारखे लागायचे हाताला. वर जाणं एका संध्याकाळी जमलं, खाली यायला बरेच दिवस लागले. तोपर्यंत रोज रात्री नवरा सत्तावीस किलो उचलून खाली आणत होता आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून आरामात.

टॉयलेटचं म्हणाल तर केनेलमध्ये ठरलेल्या वेळी बाहेर सोडतात, त्यामुळे त्यांना "बाहेर" आणि "वेळ" दोन्ही कळतं, पण मला जायचंय हे सांगायचं असतं हे माहीतच नसतं. तुम्ही वेळ पाळली तर काम लवकर होतं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, झोपायच्या आधी, पट्टा लावून बाहेर, झालं की लगेच कौतुक. कार्पेटवर झालं तर एन्झाइमवाला क्लीनर वापरा, साध्या फिनाइलने आपल्याला वास जातो, त्यांना जात नाही आणि मग तीच जागा फिक्स होते.

सामानाचा रिव्ह्यू. मार्टिंगेल कॉलर एक नंबर. ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा जाड असते, साधा पट्टा ती मागे सरकली की सरळ डोक्यावरून निघतो, मार्टिंगेल ओढलं की तेवढ्यापुरतं आवळतं आणि परत सैल होतं. साधा बकलवाला पट्टा सुंदर दिसतो म्हणून घेऊ नका. मझल म्हणजे प्लॅस्टिकची जाळीची टोपली, बघायला भयानक वाटते पण त्यात ती पाणी पिऊ शकते, धापा टाकू शकते, आणि तिला त्याचं काहीच वाटत नाही कारण त्यांना लहानपणापासून सवय असते. त्रास रस्त्यावरच्या लोकांना होतो, मूल बाजूला ओढतात. खरं म्हणजे व्हिक्टोरियात १ जानेवारी २०१९ पासून पाळीव ग्रेहाउंडला बाहेर मझल घालायची कायद्याने सक्ती नाही, न्यू साउथ वेल्समध्येही त्याच वर्षी जुलैपासून काढली, पण फोस्टरमध्ये असताना संस्था घालायला लावते आणि मला ते पटलं. पट्टा मात्र कायद्यानेही सुटलेला नाही.

कोट दोन मिळाले, एक पावसाचा चांगला, दुसरा फ्लीसचा जो पोटाखाली नीट बसतच नव्हता. मेलबर्नच्या जुलैत सकाळी पाच-सहा डिग्री असतं आणि ह्यांच्या अंगावर चरबी नाही, केस पातळ, त्यामुळे कोट म्हणजे चोचले नाहीत, घरात सुद्धा रात्री लागतो. आईने तिच्या जुन्या शालीचा एक शिवून दिला, तो सगळ्यात फिट बसला. उन्हाळ्यात उलटं, तीसच्या वर गेलं की सकाळी सहाला आणि अंधार पडल्यावरच बाहेर काढायचं. अंथरूण जे दिलं ते पातळ होतं, कोपर टेकतात तिथे हाड थेट जमिनीला लागतं, जाड मेमरी फोमचं घ्या, ह्यात पैसे वाचवू नका. आणि तो उंच स्टँडवरचा प्लॅस्टिकचा फूड बाउल पहिल्याच आठवड्यात तडकला.

खाण्याबद्दल मराठी घरांसाठी खास. नाक किचन ओट्याच्या वर सहज पोचतं, उडी मारायची गरजच नाही, नुसती मान लांब केली की पोळ्यांचा डबा. कांदा आणि लसूण कुत्र्यांना विषारी, शिजवलेला पण, म्हणजे आपली उरलेली आमटी-भाजी पूर्ण बाद. द्राक्षं आणि बेदाणे तर त्याहून वाईट, किडनीवर जातं, आणि किती खाल्ल्यावर होईल ह्याचा भरवसा नाही. आई तासगावची, बेदाण्याशिवाय शिरा तिच्या लेखी शिराच नाही, त्यात घरी सत्यनारायण, प्रसादाची वाटी सेंटर टेबलवर. मी आईला सांगितलं तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी तासगावचाच अपमान केलाय. शेवटी शिरा बिनबेदाण्याचा झाला आणि पूजेला आलेल्या प्रत्येकाला आईने कारण सांगितलं, त्यामुळे मेलबर्नच्या टार्नीट ते पॉइंट कुक भागात आता सगळ्यांना माहितीये. मॅकाडेमिया नट्स इथे सगळीकडे मिळतात, ते पण नाही. पीनट बटर देताना डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते, कुत्र्यांना विषारी) लिहिलंय का बघा. कोरडी पोळी, साधा भात, शिजवलेलं गाजर, थोडं दही चालतं, पण पोट नाजूक असतं, पहिल्या आठवड्यात संस्थेने दिलेलं किबल (कुत्र्यांचं तयार सुकं खाणं) सोडून काहीच बदलू नका नाहीतर परिणाम कार्पेटवर दिसतो. शाकाहारी घरवाले विचारतात जमेल का, तर जमतं, सुकं किबल गॅरेजमध्ये ठेवायचं आणि तिथेच घालायचं, आमच्या ओळखीच्या एका घरात असंच चालतं.

झोप मात्र बघण्यासारखी. पाठीवर, चारी पाय हवेत वाकडेतिकडे, मान एका बाजूला, पहिल्यांदा बघितलं तर लेकीला वाटलं काहीतरी झालं. खूश झाली की दात कडकड वाजवते, थंडीने नाही. दिवसातून एकदा अंगणात गोल गोल दोन-तीन फेऱ्या, एवढ्या वेगात की वाळत घातलेले कपडे हलतात, आणि मग डायरेक्ट चार तास झोप. पण एक गोष्ट गांभीर्याने घ्या, झोपेतल्या ग्रेहाउंडला हात लावून उठवायचं नाही. केनेलमध्ये झोपेत कुणी कधी हात लावलेला नसतो, काही जण दचकून गुरगुरतात किंवा तोंड मारतात, तो राग नसतो, दचकणं असतं. लांबून नावाने हाक मारायची, डोळे उघडले की जवळ जायचं. लेक आठ वर्षांची आहे म्हणून हा नियम आम्ही फ्रिजवर लिहून लावला. घरात रांगणारं बाळ असेल तर मी म्हणेन आत्ता थांबा.

मांजर आणि छोटे कुत्रे. संस्थेने कागदावर लिहिलं होतं "मांजरांसोबत चालेल बहुतेक". हे "बहुतेक" काय असतं ते विचारल्यावर कळलं की ऑफिसमधल्या एका म्हाताऱ्या, जागची न हलणाऱ्या मांजरासमोर पाच मिनिटं उभं केलं होतं. अहो, ताशी पासष्ट किलोमीटरने पळणाऱ्या कुत्र्याला न हलणारं मांजर दाखवून काय कळणार? हलणारी वस्तू हाच तर त्यांचा विषय आहे. शेजारच्यांचं बोकोबा फेन्सवरून चालत गेलं तेव्हा ठमीचं सगळं शरीर एका रेषेत आलं, कान ताठ, श्वास बंद, माझा आवाज तिच्या कानापर्यंत पोचतच नव्हता. काही झालं नाही कारण पट्टा हातात होता. बऱ्याच ग्रेहाउंड्सचं मांजराशी छान जमतं, पण ते नीट, टप्प्याटप्प्याने तपासून, असल्या पाच मिनिटांच्या टेस्टवर नाही. चार मार्क दिले त्यातला कापलेला एक ह्याच्यासाठीच.

डॉक्टरकडे जाताना ग्रेहाउंडचा अनुभव आहे का ते आधी विचारा. ह्यांचं रक्तच वेगळं असतं, लाल पेशींचं प्रमाण जास्त, प्लेटलेट कमी, थायरॉइडचा आकडा इतर कुत्र्यांपेक्षा खाली, आणि हे सगळं ह्यांच्यासाठी नॉर्मल. एका क्लिनिकमध्ये नवीन डॉक्टरने रिपोर्ट बघून थायरॉइडची गोळी आयुष्यभर म्हणून सांगितली होती, संस्थेच्या डॉक्टरने तो कागद बघितला आणि हसून बाजूला ठेवला. भूल देताना पण काळजी लागते, जुनी बार्बिट्युरेटवाली इंजेक्शनं ह्यांच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत. कातडी इतकी पातळ की झुडपाला घासलं तरी फाटते. दात बहुतेकांचे खराब असतात, ठमीचे काही काढूनच आमच्याकडे पाठवली होती, तरी रोज ब्रश करा. बऱ्याच ग्रेहाउंडचं रक्त इतर कुत्र्यांना चालतं म्हणून मोठी व्हेट हॉस्पिटलं त्यांना रक्तदाते म्हणून बोलवतात, हे मला फोस्टर केल्यावरच कळलं.

एकटं राहणं हा सगळ्यात अवघड भाग. आयुष्यात कधी एकटी नव्हती, आजूबाजूला कायम दहा-वीस कुत्रे. मी कचरा टाकायला गेले तरी दारामागे रडणं. मग दोन मिनिटं, पाच मिनिटं, चप्पल घालून परत काढायची, किल्ली उचलून परत ठेवायची, जाताना टाटा-बिटा काही नाही, रेडिओ चालू. आई होती म्हणून आम्हाला सोपं गेलं, दुपारी दोघी एकाच सोफ्यावर मराठी सिरीयल बघत झोपलेल्या असायच्या.

लोक विचारतात की हे करून तुम्ही रेसिंगवाल्यांचीच घाण साफ करता ना. प्रश्न चुकीचा नाही. २०१५ ला एबीसी टीव्हीच्या फोर कॉर्नर्स ह्या कार्यक्रमाने जिवंत प्राणी वापरून ट्रेनिंग देतात ते दाखवलं तेव्हा अख्खा देश हादरला होता, पुढच्या वर्षी न्यू साउथ वेल्सचे तेव्हाचे प्रीमियर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखे) माइक बेअर्डनी जुलैत बंदी जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये मागे घेतली. कॅनबेराच्या एसीटीत (राजधानीचा वेगळा प्रदेश) रेसिंग २०१८ पासून बंद, न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ ला जाहीर केलं की २०२६ च्या जुलैपर्यंत बंद करणार. आपल्याकडे व्हिक्टोरियात चालूच आहे, सँडाउन आणि मेडोज हे दोन्ही ट्रॅक मेलबर्नमध्येच. आईच्या माहेरी शर्यतीचे बैल होते, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंद केलं तेव्हा मामा चिडलेले आणि डिसेंबर २०२१ ला परवानगी आल्यावर पेढे वाटलेले, त्यामुळे ती शर्यतीच्या विरोधात बोलेल असं मला वाटलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "पळवा की, पण पळायचं थांबल्यावर कुणाच्या दारात बांधायचं त्ये आधी ठरवा." ग्रेहाउंड चार-पाच वर्षांचा झाला की करिअर संपतं आणि जगतो बारा-तेरा वर्षं, उरलेल्या सात-आठ वर्षांचं गणित कुणीतरी करायलाच पाहिजे. मला रेसिंग बंद झालेली आवडेल, पण बंद झाली त्या दिवशी सुद्धा हजारो कुत्र्यांना घर लागेल.

बाकीच्या तक्रारी पटकन. हँडओव्हर फारच घाईत, पार्किंगमध्ये पट्टा हातात दिला आणि पुढच्या गाडीकडे गेले. वीकेंडला फोन उचलत नाहीत आणि प्रॉब्लेम सगळे वीकेंडलाच येतात, मात्र फोस्टर लोकांचा ग्रुप आहे त्यात रात्री अकराला सुद्धा कुणीतरी उत्तर देतं, तोच खरा सपोर्ट. आणि घर मिळालं की फार कमी दिवस आधी सांगतात. ठमी जिलॉन्गच्या एका रिटायर्ड जोडप्याकडे गेली, त्यांनी ते नाव बदललं नाही, "ठॅमी" म्हणतात. लेक दोन दिवस जेवली नाही. मुलं असतील तर ती जाणार आहे हे पहिल्या दिवसापासून सांगत राहा, आम्ही सांगितलं होतं, तरी रडणं चुकत नाही.

कुणी घेऊ नये? दोघंही पाच दिवस ऑफिसला आणि घरी कुणी नाही असे, ससा, गिनीपिग किंवा कोंबड्या पाळणारे, आणि ज्यांना कुत्र्याला मोकळं सोडून बॉल टाकायचाय असे. बाकी अपार्टमेंट चालतं, उलट चांगलं चालतं, हे भुंकत जवळजवळ नाहीतच. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी, व्हिक्टोरियात मार्च २०२० पासून घरमालक विनाकारण पाळीव प्राण्याला नाही म्हणू शकत नाही, ठरलेला फॉर्म भरून लेखी परवानगी मागायची, त्याला नकार द्यायचा असेल तर १४ दिवसांत व्हीकॅटकडे (असे वाद सोडवणारं राज्याचं न्यायाधिकरण) जावं लागतं. फोस्टर कुत्रा असला तरी आधी विचारलेलं बरं. फॉर्मसोबत फोटो जोडा, पण झोपलेल्या कुत्र्याचा, मझलवाला नको.